गोलम्याचा डबा

आधी हात. साबण लावून,
कोमट पाण्यानं, मग पंच्यानं कोरडा.
कुडाळच्या लेकीनं फोनवर तीनदा सांगितलंय हे
आणि मी तुला रोज सांगतो,
जणू जगात पहिल्यांदा मलाच कळलं.

तू बोट पुढे करतेस आणि तोंड फिरवतेस.
चाळीस वर्षं शेंगटीचा काटा घुसला की
चोखून थुंकलीस, पुढचा मासा उचललास.
आता ही नखाएवढी सुई,
तिची टक् ऐकली की डोळे मिटतेस.

मधोमध नको, कडेला. तिथे घट्टा पातळ आहे.
तरी पहिल्या टोचणीला काहीच येत नाही,
मीठ आणि खवलं सोसून
तुझी कातडी होडीच्या तळासारखी झालीय.
मी बोट मुळापासून दाबत आणतो,
तेव्हा कुठे थेंब. गुंजेएवढा.
पट्टी तो आपणच ओढून घेते,
ओली वाळू लाट पिते तसा.
पाच, चार, तीन

"एका पट्टीत दोन बांगडे येतत,"
तू म्हणतेस. रोजच म्हणतेस.

आकडे मी रापणीच्या जुन्या वहीत लिहितो.
पुढच्या पानांवर कुणाचा किती वाटा,
कोण दोर ओढायला आलाच नाही,
आणि मागून उलटी उघडली की तू:
उपाशीपोटी १३८. जेवल्यावर २०४.
जत्रेच्या दुसऱ्या दिवशी २९१.
त्याच्यापुढे मी काही लिहिलेलं नाही.

एका सकाळी ३८४.
यंत्र झटकलं. पट्टी बदलली.
मग तुझा हात नाकाशी नेला.
गूळ. आलं.
म्हटलं, हात धुव.
धुतलास. दुसरं बोट. १४६.
म्हणजे साखर रक्तात नव्हती, कातडीवर होती,
निदान तेवढी तरी.
तू समुद्राकडे बघत राहिलीस, मी कर्लीकडे.
देवबागेत दोन्ही अंगांना पाणी आहे,
नवरा-बायकोला बरं पडतं.

आपल्या विहिरीचं पाणी हल्ली शिमग्यातच मचूळ होतं.
पूर्वी गोडं होतं, असं आपण पाहुण्यांना सांगतो.
गोडं म्हणजे चांगलं,
असं होतं तेव्हा.

त्या रात्री लाईट गेलेली.
तू हाक मारली नाहीस, खाट हलली म्हणून मी जागा झालो.
कपाळ, मान, उशी, सगळं घामानं चिंब,
आणि मला तू तुझ्या भावाच्या नावानं हाक मारलीस,
वादळात गेलेल्या.
बॅटरी दातांत धरून टोचलं.
साबण नाही, नुसता पंचा फिरवला.
५२.

डब्याडब्यात हात घातला.
साखर मीच घराबाहेर घालवलेली,
गुळाची ढेप शेजारी मोंडकरांकडे ठेवलेली,
एवढा मी शहाणा.

मग तुला काही विचारलं नाही.
सरळ स्टुलावर चढलो
आणि फळीवरचा गोलम्याचा डबा काढला,
ज्याच्या वासाला लेक हातही लावत नाही तो.
तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खाजं.
पेल्यात चुरलं, गूळ सुटेपर्यंत ढवळलं,
घोट घोट पाजलं.
गोड, खारट, सुक्या कोलंबीचा वास,
तू तोंड वाकडं केलंस तेव्हा मला जरा धीर आला.

पंधरा मिनिटांनी ७४.
आणखी अर्ध्या तासानं १०९.
तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग पुडीकडे.
"तुमका कधीपासना ठावक?"
"गप रव," मी म्हटलं. "हात दी."

डॉक्टरांनी रात्रीची गोळी अर्धी केली.
मालवणातून येताना मी बाजारात वळलो,
आणि तू विहिरीवर होतीस तेवढ्यात
डबा पुन्हा फळीवर ठेवला.
सहा कांड्या. मोजून.
तूही मोजल्या असशील.